उडणाऱ्या होडीला माझी हरकत

रबाळ्याला आमच्या कंपनीत सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात आणि मी ते नापास करतो. पासही करतो, पण लोकांच्या लक्षात नापास केलेलेच राहतात. बॉयलरमधला दाब वाढला की व्हॉल्व्हने आपणहून उघडायचं असतं. तो जरा उशिरा उघडला, नापास. जरा लवकर उघडला, तरी नापास. वर्षानुवर्षं असं काम केलं की ते स्वभावात उतरतं, असं मी लोकांना सांगत आलोय. माझी बायको क्षिप्रा म्हणते, उलट आहे. स्वभाव आधीपासून होता, नोकरी नंतर त्याला शोधत आली.

तिला असं बोलायचा अधिकार आहे. मी तिला बघायला पनवेलला गेलो, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर तिचे आणि माझे वडील शेजारी शेजारी बसून देवरुखातल्या ओळखी काढत होते. क्षिप्रा पोहे घेऊन आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी छताकडे बघत होतो. "उजवीकडची कडी झिजलीय," मी म्हणालो. दोन्ही वडील एकदम उठले. मोकळ्या झालेल्या झोपाळ्याने मागून येऊन माझ्या वडिलांना पोह्यांवर ढकललं. लग्नानंतर मी तिला विचारलं, "तरी तू हो कसं म्हणालीस?" ती म्हणाली, "वाटलं, या माणसाला खोटं बोलता येत नाही. गप्पही बसता येत नाही, हे नंतर कळलं."

तर असा मी, आशुतोष वाकणकर, चाळिशी उलटल्यावर एका गेमच्या नादी लागलो.

कंपनीच्या कँटीनमध्ये आमच्या खात्यातला प्रितेश जेवता जेवता फोनवर खेळत होता. गेमचं नाव 'खटपट'. त्यात जिंकणं नाही, हरणं नाही, गुण नाहीत. मोकळं मैदान, एक खाडी, आणि फळ्या, चाकं, दोर, पंखे, इंजिनं, बाहुल्या असं सामान. जोडायचं, सोडून द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. प्रितेशने सोसायटीच्या गच्चीवर असते तसल्या काळ्या टाकीला छताचा पंखा लावून ती आकाशात नेली होती.

"हे होणार नाही," मी म्हणालो.

"झालंय ना सर. बघा की."

"पंखा एका बाजूला फिरला तर टाकी उलट्या बाजूला गरगरेल. वर जाणार नाही."

प्रितेशने शांतपणे भाताचा घास घेतला. "सर, तुमी डाउनलोड करा," तो म्हणाला. मला वाटतं, त्याला फक्त जेवायचं होतं.

मी डाउनलोड केला आणि त्याच आठवड्यात गेम बनवणाऱ्याला पहिली तक्रार लिहिली. लाकूड पाण्यावर हवं त्यापेक्षा जास्त वर तरंगतं. मग दुसरी: दोराला ताण येतो, पण तो कधीच तुटत नाही. मग तिसरी, चौथी. एकदा तर मी उतारावरून घरंगळणाऱ्या पिंपाचा व्हिडिओ काढून त्यावर बाण काढून पाठवले. अखेर उत्तर आलं. "सर, तुम्ही राहता कुठे?"

मला वाटलं, मारायला येतोय. तरी खोटं बोलता येत नसल्यामुळे लिहिलं, "घणसोली."

"अरे मी पण! गावात. या ना चहाला."

दीपेश मढवी तिशीचा होता. दिवसा बेलापूरला एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात एकट्याने 'खटपट' बनवायचा. आमच्या टॉवरपासून त्याचं घर चालत थोड्याच अंतरावर, पण गावठाणाच्या गल्ल्यांत शिरल्यावर मी तीनदा चुकलो आणि तिन्ही वेळा एकाच चिकनच्या दुकानासमोर आलो. घर तीन मजली. वरच्या खोल्यांत भाडेकरू, मधल्या मजल्यावर दीपेश, आणि खाली त्याची बायजाआत्या. आत्या पूर्वी बाजारात मासळी विकायची. गुडघे दुखायला लागल्यावर ते बंद झालं. आता ती दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर टॅबलेट घेऊन बसलेली असायची.

"ही माझी टेस्टर," दीपेश म्हणाला. "नवीन काही बनवलं की आधी आत्याला देतो. तिला जमलं तर सगळ्यांना जमतं."

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यो काय तो? बानवाला?"

"हा तोच," दीपेश म्हणाला. मी पाठवलेले बाण घरात सगळ्यांनी पाहिले होते.

चहा पिता पिता दीपेशने मला विचारलं की मी नुसत्या चुका काढण्यापेक्षा त्या दुरुस्त करीन का. कंपनीतल्या टेस्टिंग मशीनचा प्रोग्राम मीच लिहिलेला, त्यामुळे मला ते येत होतं. पण खरं सांगायचं तर त्याने मला पंप दुरुस्त करायला सांगितला असता तरी मी हो म्हणालो असतो. उभ्या आयुष्यात कुणी मला चुका काढल्याबद्दल चहाला बोलावलं नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने मी फार सुखात होतो. शनिवार-रविवार दीपेशकडे जायचो आणि एकेक गोष्ट सरळ करायचो. लाकूड हवं तेवढं बुडायला लागलं. दोर तुटायला लागले. लोखंड वाकायला लागलं. चाकं चिखलात रुतायला लागली, हे तर मला इतकं आवडलं की मी क्षिप्राला उठवून नेऊन दाखवलं. तिने पाच मिनिटं पाहिलं. "छान. म्हणजे आता गाडी जात नाही?"

"जात नाही!"

"आणि आधी जायची?"

"आधी चुकीची जायची."

तक्रारी यायला लागल्या होत्या. एकाने लिहिलं, माझी गाय उडत नाही. मी त्याला तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, ज्यात गाईचं सरासरी वजन होतं. त्याने एकच शब्द लिहिला, "काका." तो शब्द मी आदराने घेतला.

दीपेश कधीतरी चाचरत विचारायचा, "दादा, सगळं बरोबर आहे. पण मजा?"

"मजा येईल रे. समजलं की येईल."

"आणि लोकांनी आधी बनवून ठेवलेलं? ते चालेल ना?"

"बरोबर बनवलं असेल तर चालेल," मी म्हणालो. हे वाक्य तेव्हा मला फार न्यायी वाटलं होतं.

त्याच सुमारास दीपेशने मेळावा ठरवला. खेळणाऱ्यांनी रविवारी सकाळी घणसोली गावातल्या मंडळाच्या सभागृहात यायचं आणि आपापली करामत पडद्यावर दाखवायची. मी म्हणालो, मेळाव्यात नवीन आवृत्ती लावू. माझं सगळ्यात मोठं काम तिच्यात होतं. जुन्या गेममध्ये एक खोट होती. एखाद्या वस्तूवर दुसरी वस्तू आपटली की गेम दोघांना वेगळं करायचा, पण तसं करताना खालच्या वस्तूला चुकून वर उचलायचा. थोडंसंच, पण फुकट. प्रितेशची टाकी पंख्याने उडतच नव्हती, फिरता पंखा तिच्यावर आपटत राहायचा आणि ती या फुकटच्या उचलीने उडत होती. ती खोट मी शोधून मुळासकट काढली होती. इतकी, की ते सगळं प्रकरणच नव्याने लिहिलं होतं.

"मेळावा होऊ दे, मग लावू," दीपेश म्हणाला.

"एवढी माणसं येणार आणि त्यांना चुकीचं दाखवायचं?"

दीपेश भिडस्त आहे. तो हो म्हणाला. घाईत ही आवृत्ती आधी आत्याला द्यायचीही राहिली.

सभागृह भरलं. कॉलेजची मुलं जास्त, काही आईवडिलांना घेऊन आलेली, ऐरोलीचा एक रिक्षावाला, खारघरची दिशा नावाची मुलगी, प्रितेशसुद्धा. मी इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर पडद्याशेजारी उभा. प्रत्येकाच्या करामतीनंतर त्यामागचं विज्ञान दोन शब्दांत सांगायचं, असं मी स्वतःच स्वतःला नेमलं होतं.

पहिल्या मुलाने चालणारा घोडा आणला होता. तो उभा राहिला, त्याचे चारही पाय गुडघ्यात मोडले आणि तो बसला. "वजन जास्त होतं," मी समजावलं. दुसऱ्याची आगगाडी वळणावर रुळावरून उतरली आणि खाडीत गेली. "वेग," मी म्हणालो. तिसऱ्याने जत्रेतला गोल फिरणारा पाळणा बनवला होता. तो फिरायला लागला, बाहुल्या एकेक करून उडाल्या आणि सभागृहाच्या पडद्याबाहेर दिसेनाशा झाल्या. मी माइक तोंडापाशी नेला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "काका, राहू दे!" लोक हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं ते पाळण्याला हसतायत.

मग बायजाआत्या आली. दीपेशने हाताला धरून तिला पुढच्या रांगेत बसवलं होतं. नऊवारी, केसांत अबोलीचा गजरा. तिची करामत गेम खेळणाऱ्यांत प्रसिद्ध होती आणि मला ते माहीत नव्हतं, कारण मी लोकांचं फक्त चुकीचं काय ते बघायचो. तिने हळदीची होडी बनवली होती. मोठी होडी, तिच्यावर मांडव, दिव्यांच्या माळा, डीजेचे डबे, मधोमध पाटावर नवरा, आणि भोवती नाचणाऱ्या बाहुल्यांची ही गर्दी. बाहुल्या उड्या मारायच्या, आणि प्रत्येक उडीला होडी फुकटची थोडी उचलली जायची. सगळ्या नाचायला लागल्या की होडी खाडीवरून हळूहळू वर जायची आणि वरातीसारखी आकाशातून फिरायची.

कुणीतरी शिट्टी मारली. आत्याने टॅबलेटवर बोट ठेवलं, बाहुल्या नाचायला लागल्या.

होडी उचलली गेली नाही. नाचाच्या धक्क्याने ती डावीकडे कलली, मग उजवीकडे. डीजेचे डबे घसरले. मांडव पडला. बाहुल्या तोल जाईपर्यंत नाचत राहिल्या, आणि नवरा पाटासकट सगळ्यात शेवटी गेला. पाण्यावर फक्त एक दिव्यांची माळ उरली. ती बरोबर हवी तेवढी तरंगत होती.

कुणीच हसलं नाही. माझ्या हातात माइक होता, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते आठवलं की अजूनही मी आंघोळ करताना मोठ्याने काहीतरी बडबडतो. मी म्हणालो, "होडीवर क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत."

"माजी होरी बुरली," आत्या दीपेशला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

घरी येताना मी क्षिप्राला म्हणालो, "तत्त्वतः ते बरोबरच होतं."

"हो," ती म्हणाली. "तत्त्वतः तू आज एका म्हातारीच्या घरची हळद बुडवलीस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून परस्पर गावात गेलो. या वेळी गल्ली चुकलो नाही. आत्या खुर्चीत बसली होती, टॅबलेट बंद. मी पायरीवर बसलो आणि घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागलो, की गेम जितका खऱ्यासारखा तितका...

"खरी होरी मना दावतंस?" तिने मला मध्येच थांबवलं. "माजा बाप होरी घेवून खारीवर जायचा. खरी होरी कशी बुरते, ता मना ठाव हाय. त्याच्यासाठी यो डबा कशाला पायजे?"

मी गप्प बसलो. क्षिप्राला हे नंतर सांगितलं तेव्हा तिने मला दोनदा सांगायला लावलं.

"आत्या, मी होडी परत उडवून देतो," मी म्हणालो.

"कवा?"

"दोन दिवसांत."

दोन दिवस नाही, पावसाळा उलटला. दीपेश म्हणाला होता, जुनी आवृत्ती परत लाव. पण मधल्या काळात काही लोकांनी नवीन नियमांवरही बांधलं होतं. दिशाने एक क्रेन उभी केली होती, खरोखर तोल सांभाळणारी. जुने नियम परत आले असते तर ती क्रेन कारण नसताना आकाशात गेली असती. जुन्यांसाठी नव्यांचं बुडवायचं की नव्यांसाठी जुन्यांचं? तेव्हा दीपेशने सुचवलं, "दादा, प्रत्येकाला त्याच्या जन्माच्या वेळचे नियम ठेवू या. जुनी होडी जुन्या नियमांनी चालेल, नवीन क्रेन नव्यांनी."

"एकाच खाडीत दोन प्रकारचं विज्ञान?"

"आपल्या घणसोलीत नाही का? रस्त्याच्या या बाजूला गावठाणाचे नियम, त्या बाजूला टॉवरचे. चालतंच ना."

याचा अर्थ मला ती खोट पुन्हा बनवावी लागणार होती. जुना भाग नव्यात बसत नव्हता, तेव्हा नवीन घडवायची, आणि हुबेहूब. मी आजवर चुका काढल्या होत्या, केल्याही असतील, पण मोजूनमापून चूक करायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि ती जमेना. पहिल्या प्रयत्नात बाहुल्यांनी पहिली उडी मारताच होडी रॉकेटसारखी सुटली. दुसऱ्यात होडी पाण्यावरच राहिली आणि नाचणारे सगळे वर गेले. तिसऱ्यात सगळं जमलं, फक्त नवरा पाटातून खाली झिरपायचा आणि पाण्याखाली हळद लावून घेत बसायचा.

दर शनिवारी मी आत्याच्या पायरीवर बसून नवीन चूक दाखवायचो आणि ती नापास करायची.

"ही नाय."

"का? उडतेय ना?"

"उडते. पन माजी डावीकरं कलते. ही सरल जाते, मेल्यासारकी."

माझ्या आयुष्यात मी जितके व्हॉल्व्ह परत पाठवले, त्या सगळ्यांच्या बनवणाऱ्यांना मला फोन करावासा वाटला. पण एक सांगतो, ते आठवडे मला चुका काढण्याच्या महिन्यांपेक्षा जास्त आवडले. आत्याच्या घरी चहाबरोबर कधी तळलेली मांदेली यायची. दीपेश मोकळा बोलायला लागला होता आणि मला मध्ये थांबवायलाही शिकला होता. शेवटी गणपती होऊन गेल्यावरच्या एका शनिवारी होडी पाण्यावरून सुटली, डावीकडे कलली आणि तशीच कलत कलत मांडवासकट वर गेली. नवरा पाटावर होता. आत्याने नाकावरचा चष्मा सरळ केला.

"हां," ती म्हणाली. "हीच."

मी चूक पास करून घेतली होती. घरी जाताना पेढे घेतले. क्षिप्राने विचारलं कशाचे, तर मला नीट सांगता येईना.

आता गेम उघडला की तो आधी विचारतो, मैदान खरं हवं की मजेचं. बहुतेक सगळे मजेचं घेतात. खऱ्या मैदानात दिशा असते, मी असतो, आणि आणखी काही माणसं, ज्यांच्या घरच्यांची मला दया येते. उडत्या गाईवाल्याला मी स्वतः कळवलं की त्याची गाय पुन्हा उडते. त्याने लिहिलं, "थँक्यू काका." यावेळी अर्थ कळला.

दोन्ही प्रकारच्या वस्तू एकत्र आल्या तर कुणाचे नियम चालायचे, हे मात्र आम्ही बराच काळ ठरवलं नव्हतं. दीपेश म्हणाला, बघू कधी प्रसंग आला तर.

प्रसंग परवाच्या रविवारी आला, आम्ही तिघं आत्याच्या घरी खेळत असताना. मी माझ्या खऱ्या मैदानातल्या खाडीवर लोखंडी पूल बांधला होता. प्रत्येक तुळईवर किती भार येतो हे काढलेलं, प्रत्येक खांब तळाच्या खडकात रोवलेला. बांधायला मला महिना लागला होता आणि मला त्याचा इतका अभिमान होता, की मी आत्याला माझ्या मैदानात पाहुणी म्हणून बोलावलं. ती होडी घेऊनच आली. पुलावर फेरी मारली. "बरा हाय," म्हणाली, आणि होडी पुलाच्या मध्यावर उतरवली.

"आत्या, तिथे नको," मी म्हणालो, पण बाहुल्या नाचायला लागल्या होत्या.

होडी पुलाला टेकलेली, पूल होडीखाली. फुकटची उचल आता दोघांनाही मिळत होती. आधी कठडे थरथरले. मग एकेक खांब खडकातून, माझ्या हिशोबाप्रमाणे सर्वात जास्त भार असलेल्यापासून क्रमाने, अगदी बरोबर उपटला गेला. आणि तो अख्खा पूल, पाठीवर हळद घेऊन, डावीकडे कलत आकाशात निघाला.

"आत्या! माझा पूल!" मी खुर्चीतून उठून ओरडलो. दीपेश भिंतीला टेकून खाली बसला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. "खाली आणा! त्याचे खांब लोंबतायत!"

आत्याने मान वर केली नाही. बोटाने ती पूल अलगद वळवत होती, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडे, जिथे अजून कुणी काहीच बांधलेलं नव्हतं.

"थांब रं," ती म्हणाली. "वरात पोचली का मंग देतंय."

"पोहोचायचं कुठे आहे?"

"नवरीच्या घरी."

"आणि ते कुठे आहे?"

"ता अजून बांदाचा हाय," आत्या म्हणाली. "तू ये ना मदतीला. मोजून दे मना, किती मानसं मावतील."